परसातली धामण : काठी उचलण्यापूर्वी

पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्या वस्त्यांतून एक हाक हमखास ऐकू येते : "साप निघाला!" हाकेसरशी बाया लेकरांना उचलून ओट्यावर घेतात. माणसे काठी, पहार, फावडे, जे हाताला लागेल ते घेऊन धावतात. पाच-दहा मिनिटांत परसात एक लांबलचक पिवळसर तपकिरी देह ठेचून पडलेला असतो. मग कोणी जाणता म्हातारा येतो, काठीने तो देह उलटापालटा करून पाहतो आणि म्हणतो, "अरे, ही तर धामण! हिला कुठे विष असते?" पण तोवर उशीर झालेला असतो. "साप तो सापच, मेला ते बरे झाले," असे म्हणून लोक पांगतात.

खरोखर बरे झाले का? हा प्रश्न आपण भावनेने नव्हे, हिशेबाने सोडवू या. ज्या घरात धान्याचे पोते हीच वर्षाची बेगमी आहे, जिथे लेकरे जमिनीवर चटई टाकून झोपतात, त्या घराला हा हिशेब नीट कळलाच पाहिजे.

धामण कोण?

धामण हा आपल्याकडचा सर्वांत जास्त दिसणारा मोठा बिनविषारी साप आहे. पाच-सहा फुटांची धामण नेहमी पाहायला मिळते. काही त्याहूनही बऱ्याच लांब असतात. ही लांबीच तिचा घात करते, कारण एवढा मोठा साप म्हणजे जहरीच असणार, असे माणसाला वाटते. विषाचा आणि लांबीचा काही संबंध नाही. फुरसे जेमतेम दीड-दोन फुटांचे असते, पण ते विषारी आहे.

धामण दिवसाउजेडी फिरते, म्हणून ती आपल्या नजरेला जास्त पडते. तिचे डोळे मोठे आणि बाहुली गोल असते. डोके मानेपेक्षा थोडे रुंद असते. ओठांवर उभ्या काळ्या रेघा दिसतात आणि अंगाच्या मागच्या भागावर, शेपटीकडे, काळ्या रंगाची जाळीदार नक्षी असते. ती फणा काढत नाही. माणसाची चाहूल लागली की सरसर निघून जाते. कोंडीत सापडली तर मात्र गळा फुगवून गुरगुरल्यासारखा आवाज करते आणि चावतेही. त्या चाव्यात विष नसते. दातांच्या खुणा उमटतात, रक्त येते.

तिचे मुख्य खाणे म्हणजे उंदीर, बेडूक, सरडे, पाखरे. ती उंदराच्या बिळात सहज शिरते आणि आतली पिल्लेही खाऊन टाकते. मांजर बिळाच्या तोंडाशी बसून राहते, धामण आत जाते. पोत्यातली ज्वारी, तांदूळ, शेंगा उंदरांनी किती नासल्या याचा हिशेब घरातली बाईच सांगू शकते. शिवाय उंदीर नुसते धान्य खात नाहीत, ते रोगही आणतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारे जंतू पायाच्या जखमेतून अंगात शिरतात आणि हा रोग होतो. चिखलातून कामावर जाणारा माणूसच त्यात आधी सापडतो. म्हणून परसातली धामण ही बिनपगारी राखणदार आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

कपोलकल्पित कथा

धामणीबद्दल जितक्या कथा आहेत, तितक्या क्वचितच कुठल्या सापाबद्दल असतील. ती गाईच्या मागच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, असे सांगतात. सापाच्या तोंडाची ठेवणच अशी नाही की त्याला सड धरून दूध ओढता येईल. सुईसारखे मागे वळलेले दात गाईच्या सडात घुसले तर गाय उभी तरी राहील का? धामण गोठ्यात येते ती उंदरांच्या मागे.

धामण ही नागाची मादी, असेही म्हणतात. नागाची मादीही नागच असते आणि तीही फणा काढते. धामण ही वेगळी जात असून तिच्यात नर आणि मादी दोन्ही असतात. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक त्याला सापांचे लग्न समजतात आणि धनलाभाच्या आशेने त्यांच्यावर नवे कापड टाकतात. प्रत्यक्षात ते बहुधा दोन नर असतात आणि त्यांची झुंज चाललेली असते. कापड मात्र फुकट जाते.

साप डूख धरतो, जोडीदार सूड घ्यायला येतो, ही आणखी एक भीती. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून त्याचा माग काढण्याइतका सापाचा मेंदू विकसित झालेला नाही. या डुखाच्या भीतीने लोक साप अर्धमेला सोडत नाहीत, ठेचूनच काढतात. म्हणजे एक खोटी कथा दुसऱ्या क्रूरपणाला जन्म देते. वर्षातून एक दिवस पूजा आणि तीनशे चौसष्ट दिवस काठी, ही रीत भीतीतून आली आहे. ओळख झाली की पूजेचीही गरज उरत नाही आणि काठीचीही.

ओळखीत चूक झाली तर?

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. धामण बिनविषारी आहे याचा अर्थ परसातला प्रत्येक साप बिनविषारी असे नव्हे. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप सर्वांत जास्त घात करतात. त्यांच्यासारखे दिसणारे निरुपद्रवी सापही आहेत आणि घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. कवड्या आणि मण्यार यांत भले भले फसतात. घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात लावणारे लोक हाताला मुकले आहेत, जिवालाही मुकले आहेत. म्हणून नियम साधा ठेवावा. ओळख पक्की नसेल तर साप विषारीच आहे असे धरून चालावे, दहा-पंधरा फूट लांब उभे राहावे आणि कोणत्याही सापाला, अगदी धामणीलाही, हात लावू नये. मारायला गेलेला माणूसच सापाच्या सर्वांत जवळ जातो, हेही विसरू नये.

भीती निराधार नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत खेड्यात राहणारे, शेतात राबणारे लोक सर्वांत जास्त. सर्पदंश हे गरिबाचे मरण आहे. पण त्यात धामणीचा वाटा शून्य आहे.

ओळखीचे मोल

सापाची खरी ओळख किती मोलाची असते, हे तामिळनाडूच्या इरुळा आदिवासींनी दाखवून दिले आहे. साप पकडून त्यांची कातडी विकणे हा त्यांचा पूर्वीचा धंदा होता. १९७६ साली सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि पोटावर पाय आला. तेव्हा १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा सोडून देतात. हे विष घोड्याला थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तापासून सर्पदंशावरचे औषध तयार होते. आपल्या दवाखान्यात जी कुपी मिळते तिच्यामागे या माणसांचे हात आहेत. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळा सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली. शाळेने नव्हे, रानाने शिकवलेल्या विद्येचा तो सन्मान होता. आपल्या वस्तीतल्या त्या जाणत्या म्हाताऱ्याला धामण मेल्यावर नव्हे, मरण्यापूर्वी बोलवावे, हा त्यातला धडा.

धामण दिसली तर काय करावे?

पहिली गोष्ट, लेकरांना आणि कुत्र्याला आत घ्या. सापाला वाट मोकळी ठेवा. धामण बहुधा काही मिनिटांत आपण होऊन निघून जाते. परसाच्या कडेला, बांधाला, ढिगात ती राहत असेल आणि घरात येत नसेल, तर तिला तिथेच राहू द्यावे. घरात शिरली किंवा ओळख पटत नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या नोंदणीकृत सर्पमित्राला बोलवावे. तो येईपर्यंत एकाने लांबून सापावर नजर ठेवावी. सर्पमित्राला गळ्यात साप घालून खेळ करायला लावू नये.

धामण दूर नेऊन सोडली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. उंदीर जागेवरच असतील तर दुसरा साप येईल आणि तो नाग असू शकतो, कारण नागालाही उंदीर आवडतात. खरे काम परस नीट ठेवण्याचे आहे. सरपण आणि गोवऱ्या भिंतीला टेकवून जमिनीवर रचू नयेत. चार विटा ठेवून त्यांवर फळी टाकावी आणि मग रचाव्यात. जुनी कौले, पत्रे, विटा यांचे ढीग हलवावेत. खरकटे परसात टाकू नये. मोरीच्या तोंडाला जाळी लावावी. दाराखालची फट फळीने किंवा जुन्या रबराने बुजवावी.

कोंबड्या असतील तर एक नुकसान मान्य केले पाहिजे. धामण संधी मिळाल्यास पिल्ले आणि अंडी खाते. ज्या बाईचे मिरची-मीठ अंड्यांवर चालते तिला हे नुकसान थोडे नव्हे. त्यावर उपाय काठी नसून जाळी आहे. खुराड्याला अर्ध्या इंचापेक्षा बारीक छिद्रांची जाळी सगळीकडून लावावी, तळाची भोके बुजवावीत आणि अंडी रोजच्या रोज उचलावीत.

रात्री जमिनीवर झोपणाऱ्यांनी मण्यारीपासून जपावे. तिचा दंश झोपेत कळतही नाही. शक्य असेल तर बाज वापरावी. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. अंधारात बाहेर जाताना हातात बॅटरी असावी.

दंश झालाच तर

साप कोणता हे ठरवत बसू नये. घाबरलेल्या माणसाने केलेल्या ओळखीवर जीव टांगू नये. धामण चावली असे वाटले तरी जखम साबणाने धुऊन दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे इंजेक्शन तरी लागतेच. विषारी दंशाची शंका असेल तर रोग्याला धीर द्यावा, चालायला लावू नये, बांगड्या, जोडवी, अंगठी काढावी आणि हातपाय न हलवता सरकारी दवाखान्यात न्यावे. १०८ ला फोन करावा. दोरीने आवळून बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, मिरची खायला देऊन पाहणे, यातले काहीही करू नये.

मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नये. त्याचा मंत्र बिनविषारी दंशावर 'लागू' पडतो, कारण तिथे विष नसतेच. धामणीच्या चाव्यावर त्याची कीर्ती वाढते आणि मण्यारीच्या चाव्यावर माणूस जातो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंश झालेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. हा कायदा आला त्या वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. एवढे मोल देऊन आलेला कायदा आपण वापरला नाही तर तो कागदावरच राहील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामण मारणे, पकडणे, पाळणे हाही गुन्हा आहे.

मैत्री म्हणजे काय?

अंगुत्तर निकायात अहिराज सुत्त आहे. श्रावस्तीत एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावला, तेव्हा तथागतांनी भिक्खूंना सापांच्या कुळांविषयीही मैत्रीची भावना ठेवण्याचा उपदेश केला, असे त्यात येते. ज्याने माणूस दगावला त्याच्याविषयीही द्वेष नको, ही केवढी मोठी गोष्ट! पण कोणी त्याचा अर्थ असा काढू नये की सुत्त म्हटल्याने विष उतरते. विष उतरते ते औषधाने. मैत्री आपण काठी खाली ठेवतो तेव्हा दिसते, आणि विवेक आपण दवाखान्याची वाट धरतो तेव्हा. दोन्ही एकाच घरात नांदले पाहिजेत.

भगिनींनो, यासाठी फार काही लागत नाही. चार विषारी साप आणि पाचवी धामण, एवढी पाच नावे आणि त्यांच्या खुणा घरातल्या प्रत्येक लेकराला पाठ असाव्यात. १९२६ आणि १०८ हे क्रमांक दाराच्या मागे ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत. विहारात रविवारी मुले जमतात, तिथे कोणा जाणत्याला बोलावून चित्रांवरून ही ओळख करून द्यावी. अर्ध्या तासाचे काम आहे. ते झाले तर वस्तीत पुढची हाक "साप निघाला!" अशी न येता "धामण आहे, जाऊ द्या तिला" अशी येईल. आणि ती हाक देणारे एखादे दहा वर्षांचे पोर असेल.