मोजणीची साखळी आणि भूमिहीनाचा पुरावा

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. मागणी कसायला जमीन मिळावी ही होती. परंतु जमीन कसणे वेगळे आणि ती कागदावर सिद्ध करणे वेगळे. माजलगाव तालुक्यातील आमच्या दिंद्रुड परिसरात गायरान कसणाऱ्यांशी बोलताना मला हा फरक पदोपदी जाणवतो. म्हणून कार्यकर्त्यांनी मोजणीचे नियम समजून घेतले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे.

सातबारा हा मालकीचा अंतिम दाखला नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते, इतकेच. जमीन कोणाच्या नावे आणि किती, हे सातबारा सांगतो. ती नेमकी कुठवर, हे मोजणी सांगते.

जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. साखळीभर लांब नि साखळीभर रुंद तो एक गुंठा; ४० गुंठ्यांचा एकर. आज साखळीच्या जागी उपग्रहाशी जोडलेली यंत्रे आली आहेत, कसोटी मात्र तीच आहे. भूकरमापकाने आजच्या बांधावरून नव्हे, तर मूळ अभिलेखावरून हद्द काढावी. लगतच्या खातेदारांना आगाऊ नोटीस द्यावी. खुणा सर्वांसमक्ष दाखवाव्यात. मालकीचा निवाडा करण्याचा अधिकार त्याला नाही. मोजणी अमान्य असेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येते. नांगराच्या तासागणिक बांध सरकतो. ज्याच्या घरी मोजणीची 'क' प्रत नाही, त्याची ओरड चावडीवरच विरते.

गायरानाचा प्रश्न याहून अवघड आहे. तेथे गाव नमुना सातवर नाव सरकारचे. कसणाऱ्याचे नाव सापडलेच तर अतिक्रमणाच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना एक-ई मध्ये! २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तेव्हा जी नोंद अपराध म्हणून झाली होती, तीच हक्काचा पुरावा ठरली. ज्यांची नोंदच झाली नव्हती, त्यांच्या घामाला साक्षीदार उरला नाही. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा जो लढा उभारला, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यात शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा मिळाला असल्यास अपवाद ठेवला आहे. तो अपवाद लागू होतो कागदामुळे, भाषणामुळे नव्हे. म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनी वस्तीवस्तीत सातबारा आणि एक-ई वाचायला शिकवावे. दंडाची जुनी पावती, तारीख असलेली नोटीस फेकू देऊ नये. आपल्याला हुसकावण्यासाठी लिहिलेला कागदसुद्धा आपल्या बाजूने बोलू शकतो.