बालवयातील सवंगडी

आमच्या बँकेच्या काउंटरपुढे रांगेत उभ्या असलेल्या मातांच्या पदराशी तीन-चार वर्षांचे मूल हमखास असते. शेजारी दुसरे मूल दिसले, की आई म्हणते, "जा, त्याच्याशी खेळ." मूल आणखीच पदरात शिरते. मग "लाजाळू आहे हो आमचा" असा शिक्का बसतो. शिक्के मारणे हे आमचे रोजचेच काम. पण हा शिक्का आम्हास पटत नाही.

अमेरिकेतील संशोधिका मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या खेळाविषयी लेखन प्रसिद्ध केले. मूल कधी एकटे खेळते, कधी इतरांचा खेळ नुसता पाहते, कधी शेजारी बसून आपापले खेळते. पुढे देवाणघेवाण करते आणि मग सगळी मिळून एक खेळ मांडतात. हा क्रम काटेकोर नसतो. परंतु जे मूल कडेला उभे राहून पाहते, ते खेळाबाहेर पडलेले नसते, एवढे पालकांनी ध्यानात घ्यावे. त्याला पुढे ढकलू नये. दहा मुलांच्या घोळक्यापेक्षा एकच मूल, पुन्हा पुन्हा, थोडा वेळ घरी बोलवावे. वाळू, पाणी, भातुकली पुरते. "मलापण खेळायला घ्या", "तुझं झालं की मला दे" ही वाक्ये घरीच खेळता खेळता शिकवावीत. लहानसहान भांडणात लगेच न्यायनिवाडा करू नये. मारामारी मात्र थांबवावी.

पण सवंगडी भेटायला जागा हवी. जुन्नर-आंबेगावात उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे. दिवेलागणीला दारे लागतात, आणि ती भीती रास्तच आहे. मळ्यातल्या घरांना शेजारही लांब. संध्याकाळचे अंगण गेले आणि मुलाच्या हाती मोबाईल आला. ऊसतोडीसाठी हंगामापुरती आलेल्या कुटुंबांची मुले तर कोणाच्याच खेळात नसतात.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यामुळे अंगणवाडी गावोगाव पोचली. परंतु रविवारी ती बंद असते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही चार-पाच जणांनी वस्तीतील समाजमंदिर रविवारी सकाळी दोन तास उघडे ठेवले. महाविद्यालयीन विद्यार्थी नुसते जवळ बसत. ऊसतोड कामगाराचा एक मुलगा तीन रविवार दारातच उभा राहिला. कोणी त्याला आत ओढले नाही. चौथ्या रविवारी तो डब्याची दोन झाकणे घेऊन आला आणि त्यांतले एक त्याने आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीपुढे सरकवले.