घोरपडीचे देणे

आयुष्यभर बँकेत लोकांची थकबाकी वसूल केली. माझी स्वतःची एक थकबाकी मात्र कोणत्याच खातेवहीत चढली नाही. ती एका घोरपडीची आहे.

१९८७ साली मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. ऐन पावसात रेकॉर्डच्या खोलीत घोरपड निघाली. सगळे टेबलांवर चढले, मीही. गावातला एक जण पोते घेऊन आला. मांस कुणाच्या चुलीवर शिजणार हे साऱ्यांना ठाऊक होते. मी एवढेच म्हणालो, "लवकर आटपा, कॅश उघडायचीय."

निवृत्तीनंतर कोकणातच घर केले. परसातल्या चिऱ्यांच्या गडग्यावर सकाळी एक घोरपड ऊन खायला येते. अंग तापल्याशिवाय तिला धावता येत नाही. मग दुभंगलेली जीभ आतबाहेर करीत निघते. ती जीभ म्हणजे तिचे नाकच. हवेतले गंधाचे कण टिपून टाळूतल्या इंद्रियाकडे पोचवते. भुंगेरे, खेकडे, बेडूक, उंदीर, अंडी, मेलेले जनावर, काहीच तिला वर्ज्य नाही. म्हणजे परसाची झाडलोट फुकटात! स्वतःची अंडी ती बिळात, कधी वारुळात पुरते आणि निघून जाते. पिल्ले कित्येक महिन्यांनी बाहेर येतात, ती आपल्या हिमतीवर.

१६७० साली तानाजीचे मावळे घोरपडीच्या दोरावरून सिंहगड चढले, ही दंतकथा आपण लहानपणी ऐकली. इतिहास तिला दुजोरा देत नाही. पण पकड खरी आहे. कपारीत शिरली की ती अंग फुगवते, नखे रोवते; मग ओढून निघत नाही.

तरी माणूस तिला काढतोच. मांसासाठी, तेलासाठी, गोव्याकडच्या घुमटाच्या कातड्यासाठी. हत्था जोडी नावाची 'भाग्यवान मुळी' विकतात ना, ती बहुधा मुळी नसतेच. नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. म्हणूनच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती वाघाच्या पंक्तीला बसली आहे.

परवा शेजारचा पोरगा गडग्यापाशी थबकला. "काका, पोता हाडू?"

"नको रे," मी म्हणालो. "ये, बस हयसर. ती जीभ कशी काढता ता बघ."

अर्धा तास बसला. मुद्दल फिटले असे नाही. पण व्याजाचा पहिला हप्ता भरला.