गवत की हनीकॉम्ब?

होळी झाली की वैजापुरात गच्चीवरचे आणि माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. पत्र्याच्या कूलरच्या तीन बाजूंना जाळ्या असतात आणि त्यांत गेल्या उन्हाळ्याचं गवत तसंच अडकलेलं असतं. दुकानात ज्याला वुडवूल म्हणतात, तो हा लाकडाचा बारीक कीस. बोअरचं पाणी पिऊन तो पापडासारखा कडक झालेला असतो. हाताने ओढला की पांढरी पूड उडते, म्हणून नाकाला रुमाल बांधूनच बसावं.

ही पूड म्हणजे पाण्यातले क्षार. कूलरमधून पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. आपण टब रिकामा न करता वरून बादल्या ओतत राहतो, त्यामुळे आठवड्याच्या शेवटी टबातलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड झालेलं असतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी मुळातच जड. भरीला रस्त्यावरची धूळ. तीही ओल्या गवतालाच चिकटते. म्हणजे कूलरचं गवत हे नकळत घराचं फिल्टरही असतं, आणि फिल्टर म्हटलं की ते बदलावं लागणारच.

गवत भरणं हे बघायला सोपं काम आहे. कारागीर आधी जाळीचा गंज तारेच्या ब्रशने काढतो, वरच्या पन्हळीतली बुजलेली भोकं खिळ्याने मोकळी करतो. मग गवत पिंजून पसरतो, पण सगळीकडे सारखं नाही. वरच्या कडेला मुद्दाम जाड थर देतो. कारण पाणी पडलं की गवत खाली बसतं आणि वर बोटभर फट पडते. पंखा हवा ओढतो ती सोप्या वाटेने. फटीतून कोरडी झळ आत आली की बाकीच्या गवताने केलेलं काम वाया. कूलर नीट गार करत नाही म्हणून मोटर बदलणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी आधी वरची फट बघायला हवी होती. नवीन गवतातून पहिलं पाणी पिवळट येतं, ते फेकून द्यायचं. आणि रोज आधी पंप, गवत पुरतं भिजलं की मगच पंखा.

आता हनीकॉम्ब. राळ चढवलेल्या नागमोडी कागदाचे थर एकमेकांवर तिरके चिकटवून केलेला हा ठोकळा. त्यातल्या नळ्यांचा उतार दोन प्रकारचा असतो. जास्त उताराच्या नळ्या बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या हव्यात, म्हणजे आत येणाऱ्या हवेबरोबर पाणी घरात न येता बाहेरच्या बाजूला राहतं. उलटा बसवला की पंख्यातून तुषार उडतात आणि दोष कंपनीला जातो.

थंडाव्यात हनीकॉम्ब सरस, यात वाद नाही. पारा 41 अंशांवर आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक साधारण 23 अंश दाखवतो. कूलरची हवा त्याखाली जाऊ शकत नाही. चांगलं भरलेलं गवत या 18 अंशांपैकी सुमारे 70 टक्के उतरवतं, म्हणजे खोलीत 28 अंशांच्या आसपासची हवा. हनीकॉम्ब 26 पर्यंत आणतो. पण हा हिशोब नव्या, स्वच्छ हनीकॉम्बचा. जड पाण्याने नळ्या आतून बुजल्या की त्या खरवडता येत नाहीत. लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने थोडंफार सुटतं. महागाचा म्हणून माणूस तो तीन-चार उन्हाळे चालवतो, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्याचं दरवर्षी बदललेलं स्वस्त गवत जास्त गार हवा देत असतं. वाळ्याची जाळी वासाला छान, पण महाग. हौस असेल त्याने घ्यावी.

गवत असो वा हनीकॉम्ब, आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करायचा आणि कडा ब्रशने घासायच्या. नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या पातळीलगत कडेला अंडी चिकटवतो, ती कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात. टँकरचं पाणी घेणाऱ्याला ओतणं जिवावर येतं, हे खरं. ते अंगण धुवायला घ्या, कुंड्यांना मात्र घालू नका. टबाला हात लावण्याआधी कूलरचा प्लग काढा; फक्त बटण बंद करून पुरत नाही.

जून लागला, दमट वारा सुटला की कोणतीही जाळी फारसं गार करत नाही. तोवरच्या तीन महिन्यांसाठी काय घ्यायचं ते दुकानदाराला विचारण्याआधी आपल्या टबाच्या तळावर बोट फिरवा. पांढरा, खरखरीत थर लागला तर गवत घ्या आणि दरवर्षी बदला. तळ गुळगुळीत असेल तर खुशाल हनीकॉम्ब बसवा.