विद्यार्थ्यांचे माफीपत्र : भाषा, बालमन आणि शिक्षकाची भूमिका

प्रास्ताविक :
वर्गात गैरवर्तन करणाऱ्या विद्यार्थ्याकडून माफीपत्र लिहून घेण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. ‘मी वर्गात गडबड केली. पुन्हा असे करणार नाही. मला माफ करावे,’ असा त्याचा मजकूर बहुधा ठरलेला असतो. कित्येकदा तो शिक्षकच सांगतात. अशा माफीतून विद्यार्थी काय शिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माफीची भाषा :
‘चूक झाली’ या वाक्यात चूक करणारा दिसत नाही. ‘माझे चुकले’ यात चुकीचा स्वीकार आहे, तर ‘मी चुकलो’ यात बोलणारा स्वतः कर्ता होतो. तथापि काय घडले व कोणाला त्रास झाला, हे या तिन्ही वाक्यांत येत नाही. ‘मी रागाच्या भरात शेजारच्या मुलाची वही फाडली,’ असे म्हणणे मुलाला सर्वांत अवघड जाते आणि माफीचा गाभा तेथेच असतो. सांगून लिहविलेल्या पत्रातून नेमके हेच वाक्य गळते. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांच्या मते (१९७१) माफी मागणारी व्यक्ती स्वतःचे दोन भाग करते : एक दोषी, दुसरा त्या दोषाला नावे ठेवणारा. आयत्या मजकुरात या दुसऱ्या भागाचे काम शिक्षकच करून टाकतात.

शिक्षा आणि भरपाई :
जाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक विकासाचा अभ्यास मांडताना शिक्षेचे दोन प्रकार सांगितले. पहिल्यात चूक व शिक्षा यांचा संबंध नसतो. दुसऱ्यात शिक्षा चुकीच्या परिणामाशी जोडलेली असते. तेच वाक्य शंभर वेळा लिहिणे हा पहिला प्रकार होय. फाटलेल्या वहीतील मजकूर उतरवून देणे हा दुसरा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) याच्या कलम १७ नुसार बालकास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. त्यामुळे कान धरून उठाबशा काढायला लावणे किंवा वर्गासमोर मानहानी करून माफी वदवून घेणे समर्थनीय ठरत नाही.

न केलेल्या चुकीची माफी हा आणखी गंभीर प्रश्न आहे. लोकमान्य टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. मात्र आपल्या वर्गातील मुलाने तसाच नकार दिला, तर त्याला उद्धट ठरवतो.

समारोप :
मुलाचा राग शांत झाल्यावर त्याला एकांतात तीन प्रश्न विचारावेत : काय झाले? कोणाला त्रास झाला? आता तू काय करशील? त्याची उत्तरे मोडक्यातोडक्या भाषेत असली तरी चालतील. एकदा माफी स्वीकारल्यावर तो विषय पुन्हा काढू नये. शिक्षकाची चूक झाल्यास त्यानेही वर्गासमोर ती मान्य करावी. माफी कशी मागावी, हे मुले मजकुरापेक्षा अशा उदाहरणातून अधिक शिकतात. अध्यापक शिक्षणात पाठनियोजनाइतकेच या कौशल्यालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.