वामोस, फुई, इरे: स्पॅनिशमधलं ‘जाणं’ इतकं वाकडं का चालतं?

टेनिस पाहणाऱ्यांना राफेल नदालची आरोळी वेगळी सांगायला नको. मोक्याचा गुण जिंकला की मूठ आवळून तो ओरडायचा, ‘वामोस!’ अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघाचे पाठीराखेही स्टेडियममध्ये हाच शब्द घोकत असतात. वामोस म्हणजे ‘चला’, ‘आपण जाऊ या’.

एखादा नवशिका उत्साहाने या शब्दाचं मूळ क्रियापद शोधायला जातो आणि चक्रावतो. मूळ क्रियापद निघतं ‘ईर’, म्हणजे ‘जाणे’. रोमन लिपीत त्यात फक्त दोन अक्षरं आहेत, आय आणि आर. ‘वामोस’मध्ये ना आय आहे, ना आर!

पुढे गोंधळ आणखी वाढतो. ‘मी जातो’ म्हणजे ‘बोय’, ‘मी गेलो’ म्हणजे ‘फुई’, ‘मी जायचो’ म्हणजे ‘ईबा’ आणि ‘मी जाईन’ म्हणजे ‘इरे’. चार काळ आणि चार वेगळे चेहरे. स्पॅनिश शिकायला घेतलेली अनेक मंडळी याच ठिकाणी वैतागतात. पण हा गोंधळ वाटतो तितका अवघड नाही. त्यामागे एक साधी गोष्ट आहे आणि मराठी माणसाला तर ती आधीपासूनच येते.

आधी सरळ चालणारं क्रियापद पाहू

स्पॅनिशमधली बहुतेक क्रियापदं शिस्तीत वागतात. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. शेवटचा ‘आर’ काढला की उरतो ‘आब्ल’. त्याला प्रत्यय लावत जायचं: आब्लो (मी बोलतो), आब्लास (तू बोलतोस), आब्ला (तो किंवा ती बोलते), आब्लामोस (आम्ही बोलतो), आब्लाइस (तुम्ही बोलता), आब्लान (ते बोलतात). मूळ शब्द जागचा हलत नाही, फक्त शेपूट बदलतं.

‘ईर’चं तसं नाही. त्याचा वर्तमानकाळ असा होतो:

- यो बोय: मी जातो
- तू बास: तू जातोस
- एल बा: तो जातो
- नोसोत्रोस बामोस: आम्ही जातो
- बोसोत्रोस बाइस: तुम्ही जाता
- एयोस बान: ते जातात

नदालची ‘वामोस’ ही आरोळी म्हणजे यातलंच ‘बामोस’. स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ अक्षराचा उच्चार ‘ब’च्या जवळ जातो, एवढाच फरक. आणि हो, स्पॅनिशमधल्या ‘तू’चा अर्थ मराठीतल्या ‘तू’सारखाच आहे. हा योगायोग नाही, दोन्ही भाषांचं दूरचं नातं आहे.

एक क्रियापद नव्हे, तीन

स्पॅनिश भाषा लॅटिनपासून घडली. लॅटिनमध्ये ‘जाणे’ या अर्थाचं क्रियापद होतं ‘ईरे’. पण त्याची काही रूपं फारच आखूड होती. ‘तो जातो’ म्हणायला ‘इत’ एवढंच. बोलता बोलता असे शब्द झिजतात आणि ऐकू येईनासे होतात. मग लोकांनी त्या जागी दुसरं, भरदार क्रियापद वापरायला सुरुवात केली. ते म्हणजे ‘वादेरे’, अर्थ ‘झपाट्याने चालणे, जाणे’. भूतकाळासाठी तर तिसऱ्याच क्रियापदाची रूपं घेतली गेली. ते होतं ‘एस्से’, म्हणजे ‘असणे’.

म्हणजे आजचं ‘ईर’ हे तीन घरांतून माणसं गोळा करून थाटलेलं एक कुटुंब आहे:

- पहिलं घर, ‘ईरे’: ईर, ईबा (जायचो), इरे (जाईन), ईदो (गेलेला)
- दुसरं घर, ‘वादेरे’: बोय, बास, बा, बामोस (जातो, जातोस…) आणि बाया (जावं)
- तिसरं घर, ‘एस्से’: फुई, फुइस्ते, फुए (गेलो, गेलास, गेला…)

भाषाशास्त्रात या प्रकाराला ‘आदेश’ म्हणतात, म्हणजे एका मूळ शब्दाच्या जागी दुसराच शब्द येऊन बसणं. इंग्रजीत ‘गो’चं ‘वेन्ट’ होतं ते यामुळेच. ‘वेन्ट’ हे मुळात ‘वेन्ड’ नावाच्या वेगळ्याच क्रियापदाचं रूप.

आणि मराठी? ‘मी जातो’ आणि ‘मी गेलो’ हे जरा शेजारी ठेवून पाहा. ‘जा’ आणि ‘गे’ यांत काय साम्य आहे? ‘जाणे’ आलं संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून (याति), तर ‘गेला’ आलं ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. मराठी माणूस हे दोन धातू दिवसातून पन्नासदा एकत्र वापरतो आणि त्याला काही खटकत नाही. स्पॅनिशने दोनऐवजी तीन घेतले, इतकंच.

नातं याहूनही जुनं आहे. लॅटिन ‘ईरे’ आणि संस्कृतातला ‘इ’ धातू (एति म्हणजे जातो) एकाच मुळाचे. ‘फुई’चा संबंध संस्कृतातल्या ‘भू’ धातूशी आहे आणि त्या ‘भू’पासूनच मराठीत ‘होणे’ आलं. म्हणजे माद्रिदचा माणूस ‘फुई’ म्हणतो तेव्हा तो आपल्या ‘होणे’च्या चुलतभावालाच हाक मारत असतो.

काळ बदलला की काय होतं?

साधा भूतकाळ. एकदा घडून संपलेली गोष्ट. फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. ‘आयेर फुई आल मेर्कादो’ म्हणजे ‘काल मी बाजारात गेलो’.

रीतीचा किंवा चालू भूतकाळ. ईबा, ईबास, ईबा, ईबामोस, ईबाइस, ईबान. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ‘फुई’ आणि ‘ईबा’ यांतला फरक फार छळतो. मराठीत मात्र तो आयता तयार आहे. ‘गेलो’ म्हणायचं तिथे ‘फुई’ आणि ‘जायचो’ किंवा ‘जात होतो’ म्हणायचं तिथे ‘ईबा’. ‘मी लहानपणी शाळेत चालत जायचो’ यात ‘ईबा’च येणार. विशेष म्हणजे संपूर्ण स्पॅनिशमध्ये या काळात अनियमित चालणारी क्रियापदं फक्त तीन आहेत: ईर (जाणे), सेर (असणे) आणि बेर (पाहणे). तीन पाठ केली की हा काळ संपला.

भविष्यकाळ. इरे, इरास, इरा, इरेमोस, इरेइस, इरान. इथे ‘ईर’ अगदी गुणी बाळासारखं वागतं. पूर्ण क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं आणि पुढे प्रत्यय जोडायचा. हे प्रत्यय मुळात ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाची रूपं होती. ती हळूहळू मुख्य क्रियापदाला चिकटली.

संकेतार्थ. इरिया, इरियास, इरिया… ‘पैसे असते तर मी गेलो असतो’ किंवा ‘मी जाईनही, पण…’ अशा अटीच्या वाक्यांत हे रूप लागतं. यातही अनियमित काही नाही.

विध्यर्थ. बाया, बायास, बाया, बायामोस, बायाइस, बायान. ‘किएरो के बायास’ म्हणजे ‘तू जावंस असं मला वाटतं’. इच्छा, शंका, विनंती आली की हे रूप येतं. मराठीतलं ‘जावं, जावंस’ मनात ठेवलं तर ते कुठे वापरायचं हे बऱ्याचदा आपोआप सुचतं.

पूर्ण काळ. ‘ए ईदो’ म्हणजे ‘मी गेलो आहे’ आणि ‘आबिया ईदो’ म्हणजे ‘मी गेलो होतो’. ‘ईदो’ बदलत नाही, बदलतं ते पुढचं साहाय्यक क्रियापद.

आज्ञार्थ. ‘तू जा’ म्हणायचं तर ‘बे’. ‘जाऊ नकोस’ म्हणायचं तर मात्र ‘नो बायास’, म्हणजे विध्यर्थाचं रूप.

‘गेलो’ आणि ‘होतो’ एकच कसं?

सगळ्यात मोठं कोडं इथे आहे. ‘फुई’ म्हणजे ‘मी गेलो’ आणि ‘फुई’ म्हणजेच ‘मी होतो’ सुद्धा! ‘ईर’ आणि ‘सेर’ या दोन क्रियापदांचा साधा भूतकाळ सहाही रूपांत तंतोतंत सारखा आहे.

कारण समजायला मराठीच पुरे. कोणी विचारलं, ‘काल दिसला नाहीस?’ आणि उत्तर आलं, ‘काल नाशिकला होतो’, तर तो नाशिकला गेला होता हे वेगळं सांगावं लागत नाही. एखाद्या ठिकाणी असायचं तर आधी तिथे जावं लागतं. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्येही ‘तिथे होतो’ हे ‘तिथे गेलो’ या अर्थाने वापरलं जाऊ लागलं आणि पुढे तेच पक्कं झालं.

मग ऐकणाऱ्याला कळतं कसं? पुढच्या शब्दावरून. ‘फुई आ माद्रिद’ यात ‘आ’ म्हणजे मराठीतला ‘ला’. दिशा आली, म्हणजे ‘गेलो’. ‘फुई प्रोफेसोर’ यात दिशा नाही, पेशा आहे, म्हणजे ‘मी प्राध्यापक होतो’.

अकादमीलाही नमावं लागलं

‘ईर’चा त्रास फक्त परक्यांना होतो असं नाही. स्पेनमध्ये ‘तुम्ही निघा’ अशी आज्ञा करायची तर व्याकरणाप्रमाणे ‘ईदोस’ म्हणायला हवं. पण बोलताना असंख्य लोक ‘ईरोस’ म्हणतात. अनेक वर्षं ही चूक मानली जात होती. अखेर २०१७ मध्ये स्पॅनिश भाषेच्या राजेशाही अकादमीने ‘ईरोस’लाही मान्यता दिली. लेखक आणि अकादमीचे सदस्य आर्तुरो पेरेस-रेवेर्ते यांनी ही बातमी ट्विटरवर सांगितली आणि तिथे वादाचा धुरळा उडाला.

ही वाकडी रूपं टिकतात कशी?

उत्तर आहे वापर. जो शब्द दिवसभर तोंडात असतो, त्याचं विचित्र रूपही लक्षात राहतं. क्वचित लागणारा शब्द विसरला जातो आणि माणसं त्याला सरळ नियमात बसवून टाकतात.

२००७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एरेझ लिबरमन आणि सहकाऱ्यांचा इंग्रजी क्रियापदांवरचा अभ्यास आला होता. जुन्या इंग्रजीतल्या १७७ अनियमित क्रियापदांपैकी आज ९८ च अनियमित उरली आहेत, असं त्यांना दिसलं. शंभर पटींनी कमी वापरलं जाणारं क्रियापद दहा पट वेगाने नियमित होतं, असंही गणित त्यांनी मांडलं. ‘जाणे’, ‘असणे’, ‘करणे’ ही क्रियापदं कितीतरी भाषांमध्ये वाकडी का असतात, हे यावरून लक्षात येतं. रोजच्या वापरानेच त्यांना जपलं आहे.

स्पॅनिशच्या बहिणींमध्येही हेच दिसतं. पोर्तुगीजमध्ये ‘मी जातो’ म्हणजे ‘वोउ’ आणि ‘मी गेलो’ म्हणजे ‘फुई’. गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळांत शिकलेल्या पिढीने हीच तीन घरं पाठ केली होती.

चुकलं तर हसायचं का?

स्पॅनिश मुलं लहानपणी ‘मला माहीत आहे’ यासाठी ‘से’ऐवजी ‘साबो’ म्हणतात. नियमाप्रमाणे तेच रूप व्हायला हवं, पण हे क्रियापदही अनियमित आहे. अमेरिकेत वाढलेल्या, स्पॅनिश नीट न येणाऱ्या लॅटिनो तरुणांना सोशल मीडियावर ‘नो साबो’ म्हणून चिडवलं जातं. काहींनी ते नाव अभिमानाने स्वीकारलं, तर काहींनी चिडवणं नको म्हणून बोलणंच कमी केलं.

खरं तर ‘साबो’ म्हणणाऱ्याला नियम कळलेला असतो, फक्त अपवाद अजून कानावर पुरेसा पडलेला नसतो. मराठी मूल ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतं तेव्हाही हेच घडतं. परदेशात वाढणारं एखादं मराठी मूल असं बोललं, तर त्याला हसण्यापेक्षा त्याच्याशी चार वाक्यं जास्त बोलणं उपयोगाचं. अपवाद टिकतात ते वापराने आणि शिकलेही जातात वापरानेच. हसण्याने मूल गप्प झालं, तर वापरच थांबतो.

मग शिकायचं कसं?

- सगळा तक्ता एका दमात पाठ करू नका. तीन घरं वेगळी करा: ‘ब’ची रूपं, ‘फु’ची रूपं आणि ‘ई’ची रूपं.
- प्रत्येक काळासमोर मराठी रूप लिहा: जातो, गेलो, जायचो, जाईन, जावं.
- ‘फुई’ पाठ करताना एका दगडात दोन पक्षी मारा. ‘सेर’चा भूतकाळ फुकटात मिळतो.
- सुरुवातीला भविष्यकाळ नाही जमला तरी चालेल. ‘बोय आ’ म्हणा आणि पुढे कोणतंही क्रियापद जसंच्या तसं ठेवा. ‘बोय आ कोमेर’ म्हणजे ‘मी जेवणार आहे’. रोजच्या बोलण्यात स्पॅनिश लोकही हेच जास्त वापरतात.

पुढच्या वेळी टीव्हीवर ‘वामोस’ ऐकू आलं, की त्यामागचं झिजलेलं लॅटिन क्रियापद आणि त्याच्या मदतीला धावून आलेली दुसरी दोन आठवतील. तोवर ‘जातो’ आणि ‘गेलो’ म्हणताना थोडी शाबासकी स्वतःलाही द्यायला हरकत नाही.