पात्र मरतं केव्हा, वाढतं कशानं?

वीस बाजूंचा फासा, कागदावर लिहिलेलं एकेक पात्र आणि टेबलाभोवती तासन्‌तास बोलत बसलेली चार-पाच माणसं. पुण्यातल्या एखाद्या बोर्डगेम कॅफेत हे पाहणाऱ्याला वाटतं, फासा चांगला पडला की पात्र वर चढलं, वाईट पडला की मेलं. म्हणजे सापशिडीच, फक्त पट नसलेली! ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाबद्दलचा हा सगळ्यांत पक्का गैरसमज.

सापशिडी खरोखर कशी चालते, हे तिच्या जुन्या रूपात चांगलं दिसतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे माजी ग्रंथपाल वा. ल. मंजुळ यांनी रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातले मोक्षपट, म्हणजे सापशिडीचे जुने पट, उजेडात आणले. पहिलं घर जन्माचं, शेवटचं मोक्षाचं; साप काम-क्रोधादी विकारांचे, शिड्या सत्संग, दया, सद्बुद्धी यांच्या. (हा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरा सांगते. मात्र टिकून राहिलेले असे पट बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत, त्यामुळे ती परंपरा म्हणूनच घ्यावी.) या पटावर खेळणारा काहीच ठरवत नाही. दान पडेल तितकी घरं जायचं, साप लागला की मुकाट उतरायचं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये क्रम उलटा आहे. दार फोडायचं, पहारेकऱ्याला लाच द्यायची की आल्या पावली परतायचं, हे आधी खेळाडू ठरवतो. निकालाची खात्री नसेल तेव्हाच खेळ चालवणारा डंजन मास्टर फासा टाकायला सांगतो. वर्षानुवर्षं टिकलेल्या पात्रांच्या मागे म्हणूनच नशिबापेक्षा वेळेवर काढलेले पळ जास्त असतात.

पात्राची जीवनशक्ती मोजणारे हिट पॉइंट शून्यावर आले म्हणजे मरण, हेही आता खरं नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पात्र आधी बेशुद्ध पडतं. मग दर पाळीला फासा टाकायचा: दहा किंवा जास्त पडले तर यश, म्हणजे दर फेकीला ५५ टक्के संधी. तीन यशं आधी आली तर जीव वाचतो, तीन अपयशं आधी आली तर खेळ आटोपला. मध्येच सोबत्यानं जखमेवर उपचार केला तर मोजणी थांबते. त्यातूनही पात्र मेलंच, तर नवव्या लेव्हलचा धर्मगुरू दहा दिवसांच्या आत त्याला उठवू शकतो. त्यासाठी ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा मात्र खर्ची पडतो. मरणाला असा भाव लागला की त्याची भीती ओसरते, अशी तक्रार जुने खेळाडू करतात आणि तिच्यात तथ्य आहे.

जितके राक्षस माराल तितकी प्रगती, या समजुतीला तर जुने नियमच छेद देतात. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात योद्ध्याला दुसरी लेव्हल गाठायला २,००० अनुभवगुण लागत. एक ऑर्क राक्षस मारला की मिळत जेमतेम १०, तेही सगळ्या टोळीत वाटून. उलट, सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेला एक गुण. हिशेब साधा होता: ऑर्कला गुंगारा देऊन पेटी पळवणारा त्याच्याशी भिडणाऱ्यापेक्षा लवकर मोठा होई. आज अनेक टेबलांवर गुण मोजतच नाहीत. कथेतला टप्पा गाठला की सगळे एकदम वर चढतात.

शिवाय लेव्हल सगळ्याच खेळांत नसते. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये पात्र तयार होतानाच मरू शकतं, पहिला डाव मांडण्याआधीच! १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये कौशल्य वाढवायला फासा आपल्या सध्याच्या कौशल्यापेक्षा वर पडावा लागतो, त्यामुळे जितकं जास्त येतं तितकं पुढचं शिकणं अवघड. दरम्यान पात्राचं मानसिक संतुलन ढळत जातं. १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये सरदार म्हातारा होतो, त्याचा मुलगा गादीवर येतो आणि तोच खेळाडू आता मुलगा होऊन खेळतो.

एकाच कथेच्या लांबलेल्या मोहिमा बंद पडतात त्या मात्र बहुधा परीक्षा, बदल्या आणि लग्नं यांमुळे. पण कॅनडातल्या लंडन शहरातले इतिहासाचे प्राध्यापक रॉबर्ट वॉर्डॉ यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली मोहीम चाळीस वर्षांनंतरही चालूच होती.